बिस्किटाच्या डब्यातली चौदा नावं

५ सप्टेंबर, मंगळवार

सगळ्यात आधी टपकली ती हादोंगवाली, सोलायच्या लसणाची टोपली काखोटीला मारून. तिला वाटलं, दातांच्या दवाखान्यातून बाई येणार म्हणजे काहीतरी फुकट वाटणार. मग नामहेवाली आली, खास केस काळे करून, जसं काही दात नाही, नवराच बसवून मिळणार आहे. मग बाकीच्या. मी आधीपासून समाजघरातच होते, कारण किल्ली माझ्याकडे असते आणि जवाच्या चहाची किटलीसुद्धा.

आमच्या म्हाताऱ्यांच्या शाळेतल्या मास्तरीणबाई म्हणतात, आजी, रोज वहीत लिहा, त्याशिवाय अक्षर वळणार नाही. रोज काय लिहू? मुळे उपटले, मुळे धुतले, मुळे खाल्ले? काही घडलं तर लिहीन असं मी ठरवलंय. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी शिकलेली अक्षरं मुळ्यांवर उधळायची नाहीत.

आज घडलं. तालुक्याला बसथांब्यासमोर जो दातांचा दवाखाना आहे, तिथली मॅनेजरीण ब्यनबाई आली. याच दवाखान्यात माझी नात सेबोम नर्स आहे. तीन वर्षं शिकून, परीक्षा देऊन सरकारी परवाना मिळवलाय तिनं. तो आमच्या घरात भिंतीवर आहे, तिच्या आजोबांच्या फोटोच्याही वर. आजोबा काही बोलत नाहीत.

ब्यनबाई म्हणाली, डॉक्टर सगळ्या आज्यांचे दात बघणार, किडलेले काढणार, नवे बसवणार, न्यायला-आणायला गाडी. फक्त कागदांवर शिक्के हवेत, शिक्का म्हणजेच सही. ते काम माझं. आमच्या चौदाजणींचे नावाचे शिक्के बिस्किटाच्या डब्यात असतात आणि डबा माझ्याकडे. खताची यादी असो, रस्त्याची संमती असो, सरपंच कागद आणतो, मी शिक्के मारते. पूर्वी शिक्क्याच्या दांड्यावरच्या खुणेवरून ओळखायचे, कुणाचा चिरलेला, कुणाचा उंदराने कुरतडलेला. आता नावं वाचून मारते. आम्ही एकमेकींना माहेरच्या गावावरून हाक मारतो, त्यामुळे हादोंगवालीचं नाव यो ओकनान आहे हे मला यंदा कळलं. बावन्न वर्षं शेजारी आहे. तिला विचारलं तर म्हणाली, हो का, मीही विसरलेच होते.

एकेकीचा कागद चार पानांचा. मी वाचायला घेतला. चौकोनात बरोबरच्या खुणा आधीच केलेल्या होत्या, म्हणजे आपलं काम तेवढं कमी. ‘हाडांचं’ वाचलं, ‘इंजेक्शन’ वाचलं, तेवढ्यात ब्यनबाई हसून म्हणाली, आजी, तुम्ही वाचत बसलात तर आमची गाडी अंधारात जाईल. सगळ्या हसल्या. मीही हसले आणि चौदाच्या चौदा मारून दिले. एकही शिक्का तिरपा नाही. ब्यनबाई म्हणाली, अशी आजी आमच्या दवाखान्यातच हवी. हादोंगवाली कोपऱ्यात लसूणच सोलत होती. फुकट काही मिळालं नाही म्हणून तोंड पाडून गेली.

६ सप्टेंबर, बुधवार

सेबोमला काल आल्या आल्या सगळं सांगितलं. वाटलं खूश होईल. ती पायमोजे काढता काढता तशीच थांबली. म्हणाली, कागद कुणी वाचून दाखवला? मी म्हटलं, वाचायचं काय त्यात, खतासारखाच होता.

मग तिनं मला शिकवणी दिली. दात काढण्याआधी डॉक्टरनं स्वतः समोर बसून सांगायचं असतं, काय करणार, काय बिघडू शकतं. नर्सनं विचारायचं, लिहून ठेवायचं, पण समजावण्याचं काम डॉक्टरचं. आणि सही त्याच माणसाची. “ज्याचं तोंड त्याची सही, आजी. डब्यातून काढायची वस्तू नाही ती.”

मी म्हटलं, बरं बाई, पुढच्या वेळी. मनात इतका आनंद झाला, काय सांगू. एवढीशी होती, तिच्या नाकाचा शेंबूड मी पुसायचे, आणि आज मला कायदा शिकवते. सोयाबीनच्या रश्श्यात तिच्यासाठी जास्तीचा भोपळा घातला. खाल्ला नाही तिनं.

२१ सप्टेंबर, गुरुवार

हादोंगवालीचे काल तीन दात काढले. आज गालात कापूस कोंबून समाजघरात आली आणि कापसासकट पाऊण तास बोलली. बोलायचं थांबली तर ती हादोंगवाली कसली.

म्हणाली, तुझी नात पांढऱ्या कपड्यात अगदी पोलीस दिसते. खुर्चीत बसवलं आणि विचारलं, हादोंगआजी, काही औषधं घेता? मी म्हटलं, छे. मग विचारलं, हाडांचं इंजेक्शन? मी म्हटलं, ते होय, ते घेते की, ते काय औषध आहे, गेल्याच महिन्यात घेतलं. खरंच आहे. सरकारी दवाखान्यात वर्षातून दोनदा आम्ही सगळ्या रांगेत उभ्या राहून घेतो. ते दंडात जातं, पोटात जात नाही, मग औषध कसं? मीही तेच सांगितलं असतं.

तर म्हणे सेबोमनं कागदावर लाल पेनानं लिहिलं आणि ताडताड डॉक्टरकडे गेली. पडद्याच्या पलीकडून हादोंगवालीला सगळं ऐकू येत होतं. सेबोम म्हणत होती, आज काढू नका, आधी त्यांच्या हाडांच्या डॉक्टरांना विचारा. गी डॉक्टर म्हणाला, सही केलेल्या कागदावर इंजेक्शन नाही असं लिहिलंय, बाहेर माणसं खोळंबलीत, डॉक्टर तू आहेस की मी? हादोंगवालीनं डॉक्टरचा आवाज असा काढला की नामहेवालीच्या नाकातून चहा आला. कापूस बाहेर पडला, तो परत कोंबला.

२९ सप्टेंबर, शुक्रवार

पौर्णिमेचा सण. तांदळाचे मोदकासारखे गोळे पाइनच्या सुईसारख्या पानांवर वाफवले, तीळ आणि मध भरून. हादोंगवालीला एकही चावता आला नाही. जबडा दुखतो म्हणाली. मी म्हटलं, नव्या दातांसाठी जागा होतेय. सेबोम माझ्याकडे अशी बघायला लागली की मी उठून वाफेचं भांडं बघायला गेले.

१२ ऑक्टोबर, गुरुवार

सेबोमचं काहीतरी बिनसलंय. जेवत नाही, फोनवर लिहिते, पुसते, परत लिहिते. मुलगाच असणार. मी विचारलं, काय करतो गं तो? म्हणाली, कोण तो? मी म्हटलं, तोच. ती हसली, पण नुसती तोंडानं. पर्सिमनची फळं सोलून वाळवायला दोरीला बांधायला घेतली तेव्हा शेजारी येऊन बसली आणि साठ पर्सिमन न बोलता सोलले. मुलगा नक्की गरीब घरचा आहे.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

हादोंगवालीला तिच्या लेकानं शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तोंडाला वास येत होता, आम्ही कुणी बोलत नव्हतो. आज त्यानं सरपंचाला फोन करून सांगितलं की जबड्याचं हाड उघडं पडलंय, मेल्यासारखं झालंय, तेवढं कापून काढावं लागेल. तिथल्या डॉक्टरनं पहिला प्रश्न विचारला तो हाडांच्या इंजेक्शनचा. ते घेणाऱ्याचे दात असे पटकन काढायचे नसतात म्हणे.

लेक तालुक्याच्या दवाखान्यात भांडायला गेला. गी डॉक्टरनं त्याच्यापुढे कागद ठेवला. ‘हाडांचं इंजेक्शन घेत नाही’, पुढे खूण, खाली शिक्का, यो ओकनान. तुमच्या आईनंच लिहून दिलंय म्हणाला.

शाळेत आज ‘थंडी’ शब्द शिकवला. माझा चुकला.

१८ ऑक्टोबर, बुधवार

मुलगा नाही. मुलगा असता तर किती बरं झालं असतं.

सेबोमनं आज सगळं सांगितलं. तिनं लाल पेनानं लिहिलेलं पान फायलीत नाही. तिथं नवं पान आहे, स्वच्छ. आणि ब्यनबाईनं तिच्यापुढे एक जबानी ठेवलीय, सही कर म्हणून. त्यात लिहिलंय की नर्सनं विचारलं, पेशंटनं नाही म्हणून सांगितलं, डॉक्टरनं नीट समजावलं, पेशंटनं स्वतः शिक्का मारला. सही केली तर नोकरी राहील. नाही केली तर ते म्हणणार, नर्सनं विचारलंच नाही, चूक तिची. मग परवानाही जाईल.

“मी सही करणार नाही,” ती म्हणाली. “पण आजी, मी सांगितलं फक्त. मध्ये उभी नाही राहिले. त्यांच्या हातात सुया-चिमटे मीच दिले.”

मी तिला म्हटलं, तुझ्यामुळे कशाला, झालं ते त्या शिक्क्यामुळे. आणि म्हणता म्हणता माझ्या हाताकडे बघितलं.

तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, मीच तर सांगितलं होतं. आजीचं नाव येऊ नये म्हणून ती कुणापाशी बोलली नव्हती.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

डबा कपाटावर ठेवला. मग खाली काढला. मग परत वर ठेवला.

२३ ऑक्टोबर, सोमवार

शनिवारी दवाखान्यात सेबोमला सांगितलं, उद्यापासून येऊ नको. ती म्हणाली, उद्या रविवार आहे, सोमवारी येईन, तसं लेखी द्या. कुणी लेखी दिलं नाही. म्हणून आज ती तिचे पांढरे कपडे इस्त्री करून पहिल्या बसनं गेली. जाताना म्हणाली, टपालपेटीत पत्र टाकायचंय.

ती गेली आणि दहा वाजता ब्यनबाई दारात. हातात टॉनिकच्या बाटल्यांचा खोका आणि वर नासपती. माझी नातसून असल्यासारखी माझ्यापुढे गुडघे मोडून बसली. म्हणाली, आजी, सेबोम तरुण आहे, हट्टी आहे, एका सहीनं सगळं मिटेल. हादोंगआजींच्या उपचाराचं डॉक्टर बघून घेतील. मग तिनं आवाज खाली आणला. म्हणाली, आणि प्रकरण वाढलं तर कुणी विचारेल ना, दुसऱ्याचा शिक्का कुणी वापरला. तो गुन्हा असतो. तुमच्या वयाला पोलीसचौकी शोभेल का?

चार दिवस मी डबा वरखाली करत होते ते याच भीतीनं. पण दुसऱ्यानं ती उचलून माझ्यापुढे ठेवली ना, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी सोळाव्या वर्षी योंगवोलहून डोंगर उतरून या गावात आले, सासूचे फटके खाल्ले, नवरा पुरला, सून पळाली, पोर वाढवली. मला ही पोलीसचौकी दाखवते.

मी म्हटलं, “चूक माझी आहे ती मी भोगीन. पण माझ्या चुकीची काठी करून माझ्या पोरीला हाकायची नाही.”

खोका तिच्या हातात दिला. नासपती ठेवून घेणार होते, चांगल्या होत्या, पण मग त्याही दिल्या.

२४ ऑक्टोबर, मंगळवार

शाळा बुडवून शहरात गेले. दोन बस बदलल्या, पाट्या वाचत वाचत. कुणाला विचारावं लागलं नाही, एवढंही लिहून ठेवते.

हादोंगवालीच्या जबड्याला पट्टा. गुरुवारी कापणार आहेत. मला बघून डोळ्यांनी हसली. मी खाटेशी बसले आणि सांगून टाकलं की तुझा शिक्का मी मारला, वाचला नाही, मारला. माझी शाळेची अक्कल मिरवायला गेले आणि तुझं हाड गेलं.

तिनं हातानं पट्टा जरा सैल केला. मग पट्ट्यातून, एकेक शब्द काढत म्हणाली, “तीस वर्षं पत्त्यांत लबाडी करतेस. मी ओळखत होते. ही नाही ओळखली.”

मला रडू आलं. तिनं उशीखालचा टॉवेल काढून माझ्या तोंडावर फेकला. मग म्हणाली, सेबोमनं विचारलेलं मी सांगेन. तोंड अर्धं गेलं तरी सांगेन. मी म्हटलं, तू अर्ध्या तोंडानं बोललीस तर बाकीच्यांच्या बरोबरीची होशील. हसताना तिला कळ आली, नर्सनं मला बाहेर काढलं. बरोबरच केलं. तिचं कामच आहे ते.

माफ केलं का, ते तिनं सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

२८ ऑक्टोबर, शनिवार

समाजघरात सगळ्यांना बोलावलं, डबा उपडा केला आणि जिचा तिला शिक्का परत दिला. नामहेवाली वैतागली. म्हणाली, मी कुठं ठेवू, हरवेल. मी म्हटलं, केसांचं काळं जिथं ठेवतेस तिथं ठेव. सरपंच म्हणाला, आता खताच्या यादीला दारोदार फिरायचं का? मी म्हटलं, फिर. पोट कमी होईल.

मग मी फळ्यावर सगळ्यांची नावं लिहिली आणि म्हटलं, आपापलं नाव गिरवा. बाराजणी होत्या. सातजणींनी गिरवलं. चौघी म्हणाल्या, नंतर बघू. नामहेवाली म्हणाली, मी मरेपर्यंत अंगठाच देणार, पण माझा मीच देणार. तेही चालेल म्हटलं.

हादोंगवालीचं कापून झालं. दोन बोटांएवढं हाड काढलं. तिचा शिक्का मी रुमालात बांधून ठेवलाय. तिच्याच हातात देईन. डबा रिकामा आहे, त्यात सुया ठेवाव्यात की काय बघते.

२ नोव्हेंबर, गुरुवार

जिल्ह्याच्या आरोग्य कचेरीतून दोघं घरी आले, एक जूबाई आणि एक चष्मेवाले साहेब. सेबोमचं पत्र पोचलं होतं. पत्रात तिनं डॉक्टरबद्दल लिहिलंय आणि स्वतःबद्दलही, की मला ठाऊक असताना मी चिमटा हातात दिला. ते लिहायची काय गरज होती, असं मी तिला रागावले होते. ती म्हणाली, आजी, अर्धं खरं तर तेही लिहितात.

सेबोम भिंतीला टेकून उभी होती. तिच्या परवान्याचं काय होणार ते अजून कुणी सांगत नाही. साहेब म्हणाले, तिचं लाल पान मिळालेलं नाही, तिच्या शब्दापलीकडे पुरावा नाही, आणि पेशंटच्या शिक्क्याचा कागद तर समोर आहे. तो त्यांनी माझ्यापुढे ठेवला. यो ओकनान. शिक्का अगदी सरळ होता.

जूबाईनं विचारलं, हा शिक्का कुणी मारला ते तुम्हाला ठाऊक आहे का?

“मी मारला,” मी म्हटलं.

साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, आजी, जपून बोला, याचा तुम्हाला त्रास होऊ शकतो. मी म्हटलं, होऊ दे. लिहून घ्या. ते म्हणाले, तुम्ही सांगा, मी टाइप करतो, तुम्ही फक्त शिक्का मारा. मी म्हटलं, शिक्का मारून झाला माझा जन्मभराचा. कागद द्या.

बसले लिहायला. सव्वा तास लागला. साहेब घड्याळ बघायला लागले तेव्हा सांगितलं, ब्यनबाईलाही अशीच घाई होती. मग नाही बघितलं.

लिहिलं ते असं. माझं नाव मा सुनदोक. पाच सप्टेंबरला चौदा कागदांवर चौदाजणींचे शिक्के मी मारले. कुणाला विचारलं नाही. कागद कुणी वाचून दाखवला नाही. डॉक्टर गावात आले नाहीत. चौकोनातल्या खुणा आधीच होत्या. यो ओकनान त्या वेळी लसूण सोलत होती. खाली सही केली, हातानं. ‘दोक’ जरा मोठं आलंय.

जूबाईनं विचारलं, आजी, दोन महिन्यांपूर्वीची तारीख, खुणा, लसूण, हे तुमच्या इतकं लक्षात कसं? मी म्हटलं, लक्षात कशाला ठेवू, लिहिलंय. आणि ही वही आणून ते पान दाखवलं. वही हातात नाही दिली, नामहेवालीच्या केसांचं आहे तिच्यात. मीच धरून पानं उलटली. एका पानावर ती म्हणाली, थांबा. एकवीस सप्टेंबर. कापसाचं पान. ती इतका वेळ त्यावर वाकून राहिली की मला वाटलं अक्षर लागत नसेल. मी म्हटलं, वाचून दाखवू का? ती म्हणाली, दाखवा. मी वाचलं. लाल पेनाशी आले तेव्हा साहेबांनी परत चष्मा घातला, आणि सेबोम भिंतीशी होती ती खाली बसली, एकदम, थंडीसाठी खालून तापवलेल्या जमिनीवर, दोन्ही हात तोंडावर धरून. डॉक्टरचा आवाजही मी काढला. हादोंगवालीइतका नाही जमला.

दोन्ही पानांचे फोटो काढून घेतले. का, ते नीट कळलं नाही, तिथं तर नुसत्या गप्पा आहेत. पण सेबोमनं आज दोन वाट्या भात खाल्ला, वर मुळ्याची किमची, आणि विचारलं, आजी, अजून काय काय लिहिलंयस त्यात? मी म्हटलं, तुझ्या त्या गरीब घरच्या मुलाचं.

निघताना जूबाई म्हणाली, बाकीच्या सगळ्यांशीही बोलायचंय, प्रत्येकीशी वेगळं, प्रत्येकीला कागद वाचून दाखवून. हादोंगवालीही तोवर घरी येतेय. मी म्हटलं, मंगळवारी आमची शाळा असते, सगळ्या सापडतील, वर्ग सुटेपर्यंत मागे बसा. बरं म्हणाली. मंगळवारी, सात तारखेला, दहा वाजता परत येतो असं सांगून गेले.